दोघांची कयाक एकट्याने वल्हवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की तारकर्ली-देवबागपासून गोव्यातल्या साळ नदीपर्यंत खाड्यांतून कयाक पुन्हा दिसू लागतात. या दिवसांत चौकशी करणाऱ्यांत काही जणांना कयाक नवी नसते. पाच-दहा वर्षांपूर्वी त्यांनी पुष्कळ वल्हवलेले असते. मधल्या काळात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, नोकरी संपली, मुले परदेशी गेली; आणि बऱ्याचदा, ज्याच्याबरोबर वल्हवायचे तो माणूसच गेला. ‘पुन्हा पाण्यावर जा, मन रमेल’ असे आप्तेष्ट सांगतात. सल्ला चांगला आहे, पण अर्धा. जायचे कसे, हे कोणी सांगत नाही. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

नवशिक्या घाबरलेला असतो, म्हणून तो किनारा सोडत नाही. परतणारा घाबरत नाही, आणि तिथेच गफलत होते. वल्ह्याचा फटका कसा मारायचा हे हातांना वर्षानुवर्षे आठवत राहते. खांद्यातली आणि पोटातली ताकद मात्र सहा महिन्यांत उतरते. पहिली २० मिनिटे सारे जुन्यासारखे जमते, तेवढ्यात माणूस किलोमीटरभर आत गेलेला असतो. दमछाक परतीच्या वाटेवर कळते, आणि तोवर वारा उठलेला असतो.

जोडीने वल्हवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसणारा लय धरतो, मागे बसणारा दिशा सांभाळतो. २० वर्षे पुढच्या सीटवर बसलेल्या व्यक्तीने कयाक कधी वळवलेलीच नसते. मागे बसणाऱ्याने स्वतःची लय कधी ठरवलेली नसते, त्यामुळे एकटा असला की तो पहिल्या दहा मिनिटांतच जोर संपवतो. पाण्यात उतरण्याआधी एक कागद घ्यावा आणि दोन रकाने पाडावेत: मी काय करायचो, ती काय करायची. भरतीची वेळ कोण बघायचे, गाडीच्या टपावर चढवताना दुसरे टोक कोण धरायचे, उलटल्यावर बोट कोण धरून ठेवायचे, पाण्याच्या बाटल्या कोण भरायचे, ‘आता पुरे, वळू या’ असे कोण म्हणायचे. दुसऱ्या रकान्यातले प्रत्येक काम आता कोणाकडे तरी सोपवावे लागते किंवा शिकावे लागते. ते शेवटचे, ‘पुरे’ म्हणण्याचे काम सर्वांत जास्त निसटते. त्याच्या जागी घड्याळ ठेवा: निघाल्यापासून ३० मिनिटांनी वळायचे, कितीही बरे वाटत असले तरी.

घरात दोघांची कयाक असेल तर तीच एकट्याने नेण्याचा मोह होतो. नेता येते, पण आहे तशी नाही. मागच्या सीटवर एकटे बसले की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्याबाहेर उचलली जाते. वारा ती नाळ धरतो आणि वाऱ्याच्या दिशेला ढकलतो. मग कितीही जोर लावला तरी बोट वाऱ्याकडे तोंड करत नाही. पुढच्या सीटवर बसले तर उलटे होते: मागचे टोक मोकळे सुटते, वारा त्याला बाजूला लोटतो आणि बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवत राहते. उघड्या, वर बसण्याच्या कयाकमध्ये बहुतेकदा मधोमध तिसऱ्या बैठकीचा खळगा असतो. पाठटेका काढून तिथे बांधावा. खळगा नसेल तर मागे बसावे आणि पुढच्या पायखळग्यात २० लिटरचा पाण्याचा कॅन आडवा बांधावा. दगड किंवा वाळूची पिशवी नको, पाणीच हवे. पाण्यात पाण्याला वजन नसते, त्यामुळे बोट उलटली तरी कॅन तिला खाली ओढत नाही. कॅन काठावरच भरावा, झटक्यात सुटणाऱ्या बकलाने बांधावा आणि हलत नाही ना ते बघावे; घरंगळणारा कॅन नसलेल्या कॅनपेक्षा वाईट.

बंद, म्हणजे आत पाय घालून बसण्याची कयाक असेल तर पुढची रिकामी बैठक झाकणाने बंद केल्याशिवाय निघूच नये. एक लाट आत आली की शंभराहून जास्त लिटर पाणी, म्हणजे शंभराहून जास्त किलो, आणि ते सतत इकडून तिकडे हिंदकळणारे. दोघांची बोट रुंद, ८५ ते ९० सेंटिमीटर असते. तिला २३० ते २४० सेंटिमीटरचे वल्हे लागते. आखूड वल्ह्याने पाण्यापर्यंत पोचण्यासाठी दर फटक्याला कमरेत वाकावे लागते आणि दुसऱ्या दिवशी उठवत नाही.

उचलण्याचा प्रश्न साधा वाटतो, पण अनेकांचे परतणे तिथेच थांबते. दोघांची प्लास्टिकची कयाक ३० ते ४० किलोची. एकट्याने ती उचलायचीच नसते. एका वेळी एक टोक उचलायचे. गाडीच्या मागच्या काचेवर जुनी सतरंजी किंवा रबरी चटई टाका, नाळ टपावरच्या मागच्या दांडीवर टेकवा, मग मागे येऊन दुसरे टोक उचला आणि पुढे सरकवा. बोट पालथी ठेवा. दोन आडवे पट्टे, शिवाय पुढून-मागून एकेक दोरी. पट्ट्याला एक पीळ द्यावा, म्हणजे वाऱ्याने तो भणभणत नाही. खटक्याने आवळायचे ट्रकवाले पट्टे नकोत. उन्हात तापलेले प्लास्टिक त्यांखाली दबते आणि तळाला कायमचा खळगा पडतो. पार्किंगपासून पाण्यापर्यंत दोन चाकांची छोटी गाडी. ती तळाच्या निचरा-भोकांत खुंट्या घालून बसवायची असेल, तर त्या भोकांच्या कडा दर वेळी तपासा, तडे तिथूनच सुरू होतात.

सामान अडगळीत किती वर्षे होते? गच्चीवर उन्हात पडलेल्या प्लास्टिकवर हात फिरवला आणि पांढरी भुकटी लागली, तर ते ठिसूळ झाले आहे. अंगठ्याने दाबून बघा, करकरले तर नको. बोट दोन स्टुलांवर ठेवून झाकणातून आत १० लिटर पाणी ओता, अर्धा तास थांबा, खाली कुठे थेंब धरतो ते बघा. पाय टेकवायच्या पट्ट्या मिठाने जाम झालेल्या असतात. गोड्या पाण्याने धुऊन सिलिकॉनचे वंगण लावा. दोन तुकड्यांचे वल्हे सांध्यात अडकले असेल तर कोमट पाणी ओतून दोघांनी पिळावे, हातोडी नको. आतल्या फोमचे ठोकळे उंदरांना फार आवडतात, हेही बघून घ्या.

जॅकेटवर जरा थांबतो, कारण इथे भावना आड येते. गेलेल्या माणसाचे जॅकेट घालून उतरावेसे वाटते. जॅकेटचे माप उंचीवर नसते, छातीवर असते. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून कानांपर्यंत येते आणि माणूस खाली राहतो. सगळे पट्टे आवळा, कोणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते नाकाच्या वर गेले तर ते तुमचे नाही. घरात ठेवा, पाण्यावर नको. फोमही म्हातारा होतो: दाबल्यावर फुगून येत नसेल किंवा कापडाचा रंग उडून शिवण सुटत असेल तर नवे घ्या. पोहता येणाऱ्याला, मदत जवळ असेल तिथे, ५० न्यूटनचे जॅकेट चालते, म्हणजे साधारण ५ किलोचा उचल. पोहणे सुटले असेल तर १०० न्यूटन. शेवटची परीक्षा कमरेइतक्या पाण्यात: पाय वर घ्या, हनुवटी पाण्याबाहेर राहिली पाहिजे. नारिंगी कापडात थर्माकोलचे तुकडे भरलेली जॅकेटे भाड्याने मिळतात. त्यांची किंमत त्यांच्या रंगाइतकीच.

पहिल्या दिवशी अंतर कापायचे नाही. हे सहसा कोणाला पटत नाही आणि हेच आमचे मुख्य सांगणे आहे: पहिल्या दिवशी पडायचे. छातीइतके पाणी, वाळूचा तळ, सोबत एक जण उभा. बोट मुद्दाम उलटवा आणि परत चढा, तीनदा डावीकडून, तीनदा उजवीकडून. एकूण ४५ मिनिटे. उलटलेली रुंद बोट सरळ करायला हात पुरत नाहीत, म्हणून पलीकडच्या कडीला दोन मीटरची दोरी आधीच बांधून ठेवावी. ती तळावरून अलीकडे घ्यायची, पाय अलीकडच्या काठाला टेकवायचे आणि अंगाचा भार मागे टाकायचा. चढताना बहुतेकांची एकच चूक होते: पाय बोटीखाली लोंबकळत ठेवून हातांच्या जोरावर उभे वर यायला जातात. मग बोटच अंगावर येते. आधी पाय मागे पाण्याच्या पातळीवर आणून जोरात मारायचे, अंग आडवे झाले की पोटावर सरकत बोटीवर यायचे, मग वळून बैठक, शेवटी पाय. पोट, बैठक, पाय, याच क्रमाने.

गुडघा किंवा खुबा बदललेल्यांना ही लाथ जमत नाही. त्यांनी रकाब वापरावी: चार सेंटिमीटर रुंद पट्ट्याचे तीन-चार मीटरचे वळे, पलीकडच्या कडीला अडकवून अलीकडे पाण्यात गुडघ्याइतके खोल सोडलेले. त्यात पाय ठेवून चढायचे, आणि वर आल्याबरोबर आधी पाय मोकळा करायचा. बंद कयाकवाल्यांनी स्कर्टची (बैठकीभोवती पाणी अडवणाऱ्या पडद्याची) दोरी बाहेर आहे ना, हे दर वेळी हाताने चाचपावे. आत दुमडलेली दोरी उलटे असताना सापडत नाही. आणि सगळे झाल्यावर, थकलेल्या अंगाने, एकदा आणखी चढून बघा. खऱ्या वेळी माणूस थकलेलाच असतो. ते जमले नाही तर पुढच्या खेपेलाही हेच. जमले तर दुसऱ्या खेपेला काठाकाठाने दोन किलोमीटर, मग तीन, आणि पुढे दर आठवड्याला चतुर्थांशाहून जास्त वाढ नको.

घरची तयारी तीन आठवडे आधी. जमिनीवर पाय पसरून बसायचे, झाडूची काठी छातीसमोर धरून कमरेतून दोन्हीकडे वळायचे, २० वेळा, तीनदा. ओट्यावर किंवा कठड्यावर तळवे टेकून अंग उचलायचे; परत चढताना हाच जोर लागतो. वल्हवताना कोपरे खाली, हात नजरेच्या टप्प्यात. हात डोक्याच्या वर आणि मागे गेला असताना पाण्याचा झटका बसला की खांदा निखळतो. पायाला मुंग्या आल्या तर पायाच्या पट्ट्या एक खाच पुढे सरकवा.

स्तनाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेनंतर वल्हवता येते का, हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात. हाताला जोर दिला की सूज येते, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना टप्प्याटप्प्याने तयारी करवून ड्रॅगन बोट (अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी) वल्हवायला लावली. कोणालाही नव्याने सूज आली नाही. तेव्हापासून अशा स्त्रियांचे संघ जगभर उभे राहिले. त्यातला ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द मात्र गाळू नये, आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

औषधांचेही बघावे. मोठ्या दुःखानंतर अनेकांना झोपेची गोळी चालू असते. रात्री उशिरा घेतली की सकाळपर्यंत तिची धुंदी रेंगाळते आणि तोल जाताना हात अर्ध्या सेकंदाने उशिरा हलतो. नीट झोप न झालेल्या दिवशी बोट काढू नका. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना कोकणच्या उन्हात पाणी लवकर कमी पडते. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारे औषध) घेणाऱ्यांनी नाडी मोजून जोर ठरवू नये, ती पुरेशी वाढत नाही. वल्हवताना सलग एक वाक्य बोलता येते का, एवढे बघावे. श्रवणयंत्र काढून ठेवणार असाल तर खुणा आधी ठरवा: वल्हे उभे म्हणजे या, आडवे म्हणजे थांबा, हलवले म्हणजे मदत.

आता वारा आणि भरती. शाळेतल्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे इथे जिवाशी येतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. काठाशी माडांचा आडोसा असतो म्हणून पाणी आरशासारखे दिसते. तीनशे मीटर आत गेल्यावर आडोसा संपतो आणि वारा नकळत बाहेर ढकलू लागतो. दुपारकडे खारा वारा उठतो आणि तीन-चारपर्यंत वाढत जातो. परतणाऱ्याचा वेग तासाला चार किलोमीटरच्या आसपास. १५ नॉटचा (तासाला साधारण २८ किलोमीटरचा) वारा समोर आला तर तो निम्म्याहून खाली येतो. म्हणून पहिला महिना समुद्र नको, खाडी. आणि सकाळी दहाच्या आत बोट काठावर. जाहिरातीत शोभणारी सूर्यास्ताची सफर पुनरारंभाला सर्वांत वाईट: वारा पूर्ण चढलेला, अंग दिवसभराचे थकलेले, आणि परतताना अंधार.

भरतीची ढोबळ वेळ काढायची जुनी रीत किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे: तिथीला पाऊणने गुणायचे. एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब मुंबई-रायगडकडचा. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला भरती थोडी आधी येते आणि खाडीच्या आत थोडी उशिरा पोचते, म्हणून जवळच्या बंदराचे कोष्टक बघावेच. पण दिवस निवडायला रीत उत्तम आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईकडे पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते, गोव्याकडे दोनेक मीटर. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, ओढ कमी. म्हणजे दशमी-एकादशीला भरतीच्या अर्धा तास आधी निघावे, चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जावे, भरती थबकली की वळावे आणि ओहोटीबरोबर परत. ओहोटीचा मधला तिसरा-चौथा तास सर्वांत जोराचा, त्या वेळी मुखापाशी असू नये. बाहेर पडणारे पाणी आणि आत येणारा खारा वारा एकमेकांवर आदळले की संगमावर उभ्या, आखूड लाटा उठतात. रायगड-ठाण्याकडे ओहोटीला कमरेइतका चिखल उघडा पडतो, काठ दिसतो पण उतरता येत नाही. खाडीत बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या डोल जाळ्यांच्या दोऱ्यांवर प्रवाह बोट आडवी दाबतो. बोये दिसले की प्रवाहाच्या खालच्या बाजूने जा. पायात बूट हवेत, कालवे पाय कापतात.

जागा निवडताना चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री, सांगलीची कृष्णा आणि गोव्याचा कुंभारजुवे कालवा वगळा, तिथे मगरी आहेत. कोलाडची कुंडलिका वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालते, पातळी झपाट्याने चढते. ती पहिल्या हंगामासाठी नाही.

काठावर वाट बघणाऱ्या माणसाची जागा भरून काढणे सर्वांत अवघड. एका कागदावर लिहा: बोटीचा रंग, कुठून कुठे, परतीची वेळ, ‘साडेदहापर्यंत फोन आला नाही तर मला लावा, अकराला मदत मागवा’. खाली क्रमांक: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, सर्वसाधारण ११२. हा कागद ऐंशी जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका. प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने फोन केला असेल. एका माणसाच्या हातात द्या, जो खरोखर लावेल. परतल्यावर त्याला कळवायला विसरलात तर पुढच्या वेळी तो लावणार नाही. फोन जलरोधक पिशवीत, जॅकेटला बांधलेला, बोटीला नाही. शिटी गोळी नसलेली. ओली झाली तरी वाजते.

काही जणांना अस्थी कयाकमधून, दोघांच्या आवडत्या जागी सोडायच्या असतात. पहिल्या फेरीला हे करू नये. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर, वारा नसलेल्या सकाळी, दुसरी बोट शेजारी लावून. त्या बोटीतल्याने तुमच्या बोटीचा काठ दोन्ही हातांनी दाबून धरायचा. वाकण्यापेक्षा हात पाण्याला लागेल इतका खाली न्यायचा आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला सोडायचे. प्लास्टिकची पिशवी परत आणायची. पिण्याच्या पाण्याच्या धरणात नको. नंतर लगेच वल्हवायला घेऊ नका. शेजारच्या बोटीला धरून दहा मिनिटे तशीच राहू द्या, डोळ्यांत पाणी असताना लाट दिसत नाही.

व्यावसायिकांकडे एक मागणी. ‘किमान दोन व्यक्ती’ ही अट अनेक ठिकाणी असते. एकट्याला एकट्याने सोडू नये हे बरोबरच. पण त्याला परत पाठवण्याऐवजी पहिल्या फेरीला मार्गदर्शकाबरोबर दोघांची बोट द्यावी, एकट्याला मागे बसवून दिशा शिकवावी, आणि आठवड्यातली एक सकाळ गाणी-स्पीकर नसलेली ठेवावी. पूर्वी किती वल्हवले हे विचारता, तसे शेवटचे कधी वल्हवले आणि बोटीत कुठे बसायचा, हेही विचारावे. ग्राहकांनीही महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी आहे का, हे बिनदिक्कत विचारावे. स्वतःची बोट घ्यायची घाई कोणी करू नये. पाच फेऱ्या भाड्याच्या बोटीत होऊ द्याव्यात. आणि घरातली दोघांची बोट काढून टाकायचीच असेल, तर तिची जॅकेटे, वल्ही आणि चाकांची गाडी तिच्यासोबतच द्यावीत. नुसती बोट नेणारा पहिल्याच दिवशी जॅकेटाविना उतरतो.

कळावे.

आपले,
कयाक शिकवणारे काही जण, मालवण